उतारवयांतील झोप आणि झोपेची गोळी

वय साठीच्या पलीकडे गेलें कीं झोप हा घरांतील बोलण्याचा विषय होतो. तरुणपणीं झोपेची आठवण कोणी ठेवीत नाहीं. ती आपोआप येते आणि आपोआप जाते. उतारवयांत मात्र घड्याळाचा एकेक ठोका ऐकूं येतो, पहाटे तीनला उघडलेले डोळे पुन्हां मिटत नाहींत, आणि सकाळीं चहाच्या वेळीं "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाहीं" हें वाक्य ठरलेलें असतें. मग कोणी शेजारी आपली गोळी सुचवितो, कोणी मुलगा शहरांतून गोळ्यांची पट्टी आणून देतो, आणि चार दिवसांपुरती घेतलेली ती गोळी चार वर्षें सुटत नाहीं. ही गोळी देते काय आणि घेते काय, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो.

हा हिशेब कोणत्याहि गांवीं मांडतां येईल. परंतु तो जेथें विशेष स्पष्ट दिसतो असा एक टापू महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या उत्तर टोंकाला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं जुन्या ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच्या उत्तरेस, गुजरातच्या सीमेलगत, डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. पश्चिमेस समुद्र व कोळीवाडे, किनाऱ्याजवळ चिकूच्या वाड्या, आणि पूर्वेस वारली व इतर आदिवासींचे पाडे, असा हा मुलूख. नोव्हेंबर २०१८ पासून येथें, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, जमीन वारंवार हादरूं लागली. एक मोठा भूकंप होऊन संपला असें झालें नाहीं. लहान लहान धक्के एकामागून एक बसत राहिले. अशा शेंकडों धक्क्यांच्या या मालिकेंत १ फेब्रुवारी २०१९ रोजीं बसलेला एक धक्का ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशीं घराबाहेर धांवतांना पडून एका लहान मुलीचा अंत झाला. लोक थंडीच्या रात्रीं घर सोडून अंगणांत, उघड्या माळावर झोपूं लागले; राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या मदतीनें त्यांच्यासाठीं तंबू उभे करण्यांत आले.

रात्रींची ही भीति निष्कारण नव्हती. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पहाटे चारनंतर झाला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंपहि पहाटे चारच्या सुमारासच झाला. आदल्या दिवशीं गणेशविसर्जन असल्यामुळें पुष्कळ लोक उशिरां निजले होते, आणि हजारों माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं. महाराष्ट्रानें ही गोष्ट विसरावी अशी अपेक्षा कोणी करूं शकत नाहीं.

आतां अशा गांवांतील सत्तरीच्या एखाद्या गृहस्थाचा विचार करावा. त्याला झोप नको आहे काय? हवी आहे, अत्यंत हवी आहे. परंतु त्या झोपेनें एक अट पाळली पाहिजे: जमीन हलली, भांडीं वाजलीं, कोणी हांक मारली, तर त्याला तत्काळ जाग आली पाहिजे, उभें राहतां आलें पाहिजे आणि तोल न जातां दार गांठतां आलें पाहिजे. जी गोळी झोप देते ती नेमकी हीच शक्ति काढून घेते. आणि थोडा विचार केला तर असें दिसेल कीं, ही अट केवळ डहाणू-तलासरीची नाहीं. दादर असो, पुणें असो वा नागपूर असो, उतारवयांतील माणूस रात्रींतून एकदां तरी लघवीला उठतोच. जमीन स्थिर असली तरी त्याला अंधारांत उठावें लागतें, वळावें लागतें, उंबरठा ओलांडावा लागतो. धक्का बसणाऱ्या गांवांत जो प्रश्न कधीं तरी उभा राहतो, तो इतर घरांत रोज रात्रीं उभा असतो.

गोळीचा विचार करण्यापूर्वीं झोपेचा विचार केला पाहिजे. १९८२ सालीं अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञानें झोपेचें एक सोपें चित्र मांडलें, तें आजहि उपयोगी पडतें. झोप दोन बळांच्या मेळानें येते. पहिलें बळ म्हणजे जागेपणाची सांठवण. माणूस जितका वेळ जागा राहतो तितकी झोपेची ओढ वाढत जाते. दुपारीं दोन तास झोप घेतली कीं ती सांठवण खर्च होऊन जाते. दुसरें बळ म्हणजे मेंदूंतील घड्याळ. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावर हें घड्याळ लावलें जातें, आणि अंधार पडल्यावर त्याच्या इशाऱ्यानें मेलॅटोनिन नांवाचा रस रक्तांत उतरूं लागतो. सांठवण भरलेली असावी आणि घड्याळानेंहि रात्र झाल्याचें सांगावें, अशा वेळीं झोप सहज लागते.

वय वाढतें तसा या दोन्ही बळांत फरक पडतो. गाढ झोपेचा अंश कमी होतो, जाग वरचेवर येते, आणि घड्याळ पुढें सरकतें. म्हणजे संध्याकाळीं लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. रात्रीं साडेआठला निजलेला माणूस साडेतीनला उठला तर त्याची सात तास झोप झालेली असते. परंतु घर निजलेलें, बाहेर काळोख, हातीं काम नाहीं. त्यामुळें त्याला आपली झोप मोडली असें वाटतें. वस्तुतः ती मोडलेली नसून केवळ आधीं सुरू होऊन आधीं संपलेली असते. पुष्कळ घरांत ज्याला निद्रानाश म्हणतात तो असा घड्याळाचा गैरसमज असतो.

उतारवयाची ही हलकी झोप म्हणजे निव्वळ बिघाड आहे असेंहि म्हणतां येत नाहीं. टांझानियांतील हाड्झा नांवाच्या शिकारी जमातीच्या ३३ प्रौढ माणसांच्या झोपेचें वीस दिवस निरीक्षण करण्यांत आलें. तें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. त्या संबंध काळांत सर्वच्या सर्व माणसें एकाच वेळीं झोपलेलीं आहेत असा वेळ एकूण अवघा १८ मिनिटें निघाला. तरुण उशिरां निजत, वृद्ध लवकर उठत. आणि कोणी ना कोणी सदैव जागें असे. उघड्यावर निजणाऱ्या माणसांच्या कळपांत म्हाताऱ्यांची सावध झोप हा पहारा असावा, असा तर्क संशोधकांनीं त्यावरून केला आहे. २०१८-१९ च्या हिंवाळ्यांत तलासरीच्या माळावर तंबूंत निजलेल्या कुटुंबांना हा तर्क समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

तथापि खरा निद्रानाशहि असतो. आठवड्यांतून निदान तीन रात्रीं, सलग तीन महिने, झोपेला पुरेसा अवसर असूनहि झोप लागत नाहीं किंवा टिकत नाहीं, आणि त्यामुळें दिवसाचीं कामें बिघडतात, मन उदास किंवा चिडखोर होतें, तेव्हां त्यास जुना निद्रानाश म्हणतात. येथें दिवसाची कसोटी महत्त्वाची आहे. रात्रीं पांच-सहा तास झोपून जो माणूस दिवसां ताजातवाना असतो, त्याला औषधाची आवश्यकता नाहीं.

हा निद्रानाश जडतो कसा, याचेंहि उत्तर शास्त्रानें दिलें आहे. आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञानें १९८७ सालीं त्याचीं तीन कारणें वेगळीं केलीं: मुळांत असलेला स्वभाव, झोप उडविणारा प्रसंग, आणि प्रसंग संपल्यावरहि झोपमोड चालूं ठेवणाऱ्या सवयी. प्रसंग कोणताहि असूं शकेल. जोडीदाराचा मृत्यु असेल, दुखणें असेल, घर बदलणें असेल, किंवा डहाणूप्रमाणें पायाखालची जमीनच बेभरंवशाची होणें असेल. भीति वाटत असतां मेंदूनें पुरतें निजूं नये हें स्वाभाविकच आहे. अनोळखी जागीं पहिल्या रात्रीं मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षां सावध राहतो, असें अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांत २०१६ सालीं दिसून आलें आहे. अशा वेळच्या जाग्या रात्री हा रोग नव्हे.

रोग पुढें सुरू होतो. धक्के थांबतात, परंतु गेलेली झोप भरून काढण्यासाठीं माणूस सायंकाळींच अंथरूण धरतो, सकाळीं उशिरांपर्यंत लोळतो, दुपारीं डुलकी घेतो. झोपेची सांठवण कधीं भरतच नाहीं. अंथरुणावर पडून तासन् तास छताकडे पाहण्याची संवय लागते, आणि शेवटीं अंथरूण दिसलें कीं जाग येते. मूळ कारण केव्हांच निघून गेलेलें असतें. मागें राहतें तें त्या कारणावर केलेल्या चुकीच्या उपायांचें ओझें. आणि याच टप्प्यावर बहुधा गोळी घरांत येते.

झोपेच्या औषधांचा इतिहास पाहिला तर त्यांत एक ठराविक क्रम आढळतो. १८६९ सालीं जर्मनींत क्लोरल हें रसायन झोपेसाठीं वापरांत आलें. त्याचे दुष्परिणाम दिसूं लागल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीं व्हेरोनल आलें, आणि त्यामागोमाग बार्बिच्युरेट वर्गांतील इतर औषधें आलीं. त्यांचें व्यसन लागतें आणि मात्रा थोडी अधिक झाली कीं श्वास बंद पडतो, हें कळावयास बरींच वर्षें गेलीं. १९६० सालीं लिब्रियम व १९६३ सालीं डायझेपाम बाजारांत आलें. हीं बेंझोडायझेपिन वर्गांतील औषधें निर्धोक म्हणून गाजलीं. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, लोराझेपाम हीं त्याच कुळांतील होत. त्यांचीहि संवय जडते असें ठरल्यावर झोल्पिडेम व त्याच्या जातीचीं औषधें पुढें आलीं. प्रत्येक नवें औषध मागच्यापेक्षां निरुपद्रवी म्हणून आलें, आणि प्रत्येकाच्या उपद्रवाची यादी कांहीं वर्षांनीं तयार झाली.

बेंझोडायझेपिन आणि झोल्पिडेम यांचें कार्य बहुतांशीं एकच आहे. मेंदूंत गाबा नांवाचें एक द्रव्य असून तें मज्जापेशींची चळवळ शांत करतें. हीं औषधें त्या द्रव्याचा जोर वाढवितात. परंतु हें शांत करणें केवळ झोपेपुरतें मर्यादित राहत नाहीं. तोल सांभाळणारा मेंदूचा भाग, नवी आठवण नोंदविणारा भाग, घशाचे व पायांचे स्नायु, हीं सर्वच थोडथोडीं मंदावतात. शिवाय बेंझोडायझेपिनांनीं येणारी झोप वेळानें वाढली तरी तींतील गाढ झोपेचा अंश उलट घटतो.

तरुण शरीर असें औषध लवकर बाहेर टाकतें. वृद्ध शरीराला तें जमत नाहीं. डायझेपामविषयीं १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांतील आंकडे लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. रक्तांतील औषध निम्म्यावर येण्यास विशीच्या माणसाला सुमारें २० तास लागले, तर ऐंशीच्या माणसाला सुमारें ९० तास. म्हणजे सोमवारीं रात्रीं घेतलेल्या गोळीचा अर्धा भाग शुक्रवारीं दुपारींहि अंगांत शिल्लक असतो, आणि मध्यंतरीं मंगळवार, बुधवार व गुरुवार यांच्या गोळ्यांची त्यांत भर पडलेली असते. घरची मंडळी म्हणतात, "हल्लीं बाबांना विसर फार पडतो, चाल अडखळते, वयच झालें." वय झालेलें असतेंच, परंतु सर्व दोष वयाचा नसतो.

आतां लाभ किती तो पाहावा. २००५ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें साठ वर्षांवरील रुग्णांवर झालेल्या प्रयोगांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. नुसत्या दिखाऊ गोळीच्या तुलनेंत खऱ्या गोळीनें रात्रींची झोप सरासरी २५ मिनिटांनीं वाढली. तेरा जणांनीं गोळी घेतली तर एकाच्या झोपेंत नांव घेण्यासारखी सुधारणा होई. आणि सहा जणांनीं घेतली तर एकाला कांहीं ना कांहीं अपाय होई. अपायांत स्मृतीचा घोटाळा, दिवसांची सुस्ती, चक्कर आणि पडणें यांचा समावेश होता. उतारवयांत पडणें ही लहान गोष्ट नव्हे. खुब्याचें हाड मोडून जो वृद्ध अंथरुणाला खिळतो, तो पुन्हां पूर्वींसारखा हिंडूं फिरूं लागेलच असें सांगतां येत नाहीं. पंचवीस मिनिटांच्या झोपेसाठीं हा धोका पत्करावा काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबानें स्वतःला विचारावयाचा आहे.

वैद्यकीय जगानें आपलें उत्तर दिलें आहे. वृद्धांसाठीं धोक्याच्या औषधांची यादी मार्क बिअर्स या अमेरिकन वैद्यानें १९९१ सालीं प्रथम तयार केली. ती वेळोवेळीं सुधारली जाते, आणि तींत बेंझोडायझेपिन व झोल्पिडेम हे दोन्ही वर्ग शक्यतो टाळावेत असें आज सांगितलेलें आहे. झोल्पिडेमची स्त्रियांना द्यावयाची मात्रा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०१३ सालीं निम्म्यावर आणावयास लावली. आणि झोपेंत चालणें, झोपेंत चूल पेटविणें यांसारख्या प्रकारांमुळें २०१९ सालीं त्या औषधावर ठळक इशारा छापण्यास भाग पाडलें.

गोळी नको म्हणून पुष्कळ जण दुसरें कांहीं घेतात. ताडीच्या झाडांनीं भरलेल्या डहाणू-तलासरीच्या मुलखांत संध्याकाळची ताडी किंवा मोहाची दारू अनेकांच्या अंगवळणीं पडलेली आहे. शहरांत तिची जागा बाटलीनें घेतलेली असते. मद्यानें डोळा लवकर लागतो हें खरें; परंतु तें उतरतांच उत्तररात्रीं झोप तुटते, घोरणें वाढतें, लघवीला अधिक वेळां उठावें लागतें. मद्य आणि झोपेची गोळी हीं एकत्र घेणें तर प्राणघातक ठरूं शकतें, कारण दोहोंनीं मिळून श्वास मंदावतो. सर्दीच्या गोळीनें गुंगी येते म्हणून ती रोज घेणारेहि आढळतात. या जातीच्या जुन्या औषधांनीं वृद्धांस लघवी अडणें, बद्धकोष्ठ होणें व भ्रम होणें असे त्रास होतात. कोमट दुधांत जायफळाची चिमूट टाकण्याची चाल घरगुती असून चिमटीपुरती निरुपद्रवी आहे. मात्र जायफळ अधिक झालें तर तें विषारी ठरतें. अश्वगंधेचे प्रयोग आजवर लहान प्रमाणावर झाले आहेत, आणि तिच्यामुळें यकृतास इजा झाल्याच्याहि नोंदी आहेत. म्हणून इतर औषधें चालूं असतां ती वैद्यास न विचारतां घेऊं नये. मेलॅटोनिनला युरोपांत २००७ सालीं पंचावन्न वर्षांवरील रुग्णांसाठीं मान्यता मिळाली. तें पुष्कळ सौम्य आहे, परंतु त्याचा लाभहि थोड्या मिनिटांचाच आहे.

मग करावें काय? प्रथम झोप मोडणारें दुसरें कारण शोधावें. रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारी गोळी संध्याकाळीं घेतली जाते काय? ती सकाळीं घेतां येईल काय, हें डॉक्टरांस विचारावें. मधुमेह, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथि, गुडघ्यांचें दुखणें, रात्रींचा खोकला, पायांची तळमळ, यांपैकीं एखादें कारण असेल तर झोपेच्या गोळीनें तें झांकलें जातें, बरें होत नाहीं. मोठ्यानें घोरणें व मध्येंच श्वास थांबणें हें लक्षण असेल तर गोळी विशेष धोक्याची. चहाचा अंमल शरीरांत कित्येक तास राहतो. पांच वाजतां घेतलेल्या चहाचा बराचसा अंश रात्रीं दहालाहि अंगांत असतो. आणि कोठें कोठें कारण मनाचें असतें. पहाटे लवकर जाग येऊन जीव नकोसा वाटणें हें उदासीनतेच्या रोगाचें लक्षण असून त्यावर वेगळे उपचार आहेत.

हीं कारणें दूर करूनहि निद्रानाश राहिला, तर पहिला उपाय औषध नव्हे, अंथरुणाची शिस्त होय. अमेरिकेंतील फिजिशियनांच्या महाविद्यालयानें २०१६ सालीं सर्व वयांच्या प्रौढांसाठीं हीच शिफारस केली आहे. ती शिस्त थोडक्यांत अशी. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, मग रात्र कशीहि गेलेली असो. अंथरूण झोपेसाठींच वापरावें. वाचन, हिशेब, दूरचित्रवाणी व मोबाईल यांसाठीं नव्हे. वीसेक मिनिटांत झोप लागली नाहीं तर उठून मंद उजेडांत खुर्चीवर बसावें आणि पेंग आल्यावरच परत यावें. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आंत, तीनपूर्वीं संपवावी. सकाळीं उन्हांत फिरावें, कारण तोच प्रकाश मेंदूचें घड्याळ लावतो. ज्यांना फार लवकर पेंग येते त्यांनीं संध्याकाळच्या उजेडांतहि बाहेर बसावें.

या शिस्तीचा सर्वांत परिणामकारक भाग ऐकावयास उलटा वाटतो. तो म्हणजे अंथरुणांतील वेळ कमी करणें. एखादी आजी रात्रीं नऊला पडते, सकाळीं सहाला उठते आणि त्या नऊ तासांत सहा तासच झोपते, असें समजूं. तिनें कांहीं आठवडे रात्रीं अकराला पडावें आणि साडेपांचला उठावें. पहिले चार-सहा दिवस जड जातात. परंतु झोपेची सांठवण भरूं लागते आणि तुटक झोप सलग होऊं लागते. अंथरुणांतील वेळेपैकीं शेंकडा ८५ भाग झोपेंत जाऊं लागला कीं पंधरा पंधरा मिनिटांनीं वेळ वाढवावा. अंथरुणांतील वेळ पांच तासांच्या खालीं मात्र कधींहि आणूं नये. आणि फेंफरें किंवा मनाचा तीव्र विकार असणाऱ्यांनीं हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालींच करावा. हा उपाय गोळीसारखा पहिल्या रात्रीं गुण देत नाहीं. परंतु त्याचा गुण पुढें टिकतो, गोळीचा टिकत नाहीं.

जेथें भीतीनें झोप उडालेली असते तेथें आणखी एका गोष्टीची जोड द्यावी लागते: ती म्हणजे तयारी. उशाशीं विजेरी, हाताशीं काठी, पायाशीं न घसरणारी चप्पल. अंथरुणापासून दारापर्यंतची वाट मोकळी. डोक्यावरच्या फळीवर जड सामान नाहीं. आणि धक्का बसल्यास आजोबांचा हात कोणी धरावयाचा हें आधींच ठरलेलें. "कांहीं होणार नाहीं, तुम्ही निजा" या धीरापेक्षां ही तयारी अधिक झोप देते. कारण पहारा आपल्या एकट्यावर नाहीं अशी मनाची खात्री पटते. भूकंपाचें भय नसलेल्या घरांतहि रात्रीं उठणाऱ्या वृद्धासाठीं हीच व्यवस्था हाडें वांचविते.

याचा अर्थ गोळीला मुळींच स्थान नाहीं असा नव्हे. एखाद्या मोठ्या दुःखाच्या किंवा आजाराच्या दिवसांत डॉक्टर थोड्या दिवसांपुरती, लहानांत लहान मात्रेची गोळी देऊं शकतात. परंतु तिच्या आरंभाबरोबर तिचा शेवटचा दिवसहि ठरलेला असावा. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम व झोल्पिडेम हीं औषधें भारतांत एच-१ या अनुसूचींत घातलेलीं आहेत. १ मार्च २०१४ पासून दुकानदारानें तीं चिठ्ठीवांचून देऊं नयेत आणि विक्रीची नोंद तीन वर्षें ठेवावी, असा नियम आहे. शेजाऱ्याची गोळी मागून घेणें किंवा जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षें औषध आणणें म्हणजे या संरक्षणाला घरूनच भगदाड पाडणें होय.

आणि जे आधींच अनेक वर्षें गोळी घेत आहेत त्यांचें काय? त्यांच्यासाठीं सर्वांत महत्त्वाची सूचना ही कीं, गोळी एकाएकीं बंद करूं नये. मेंदू तिला सरावलेला असतो. ती अकस्मात् थांबविली तर झोप पूर्वींपेक्षांहि अधिक उडते, हात थरथरतात, क्वचित् झटकेहि येतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानें दर दोन आठवड्यांनीं सुमारें चतुर्थांश मात्रा कमी करावी, आणि शेवटीं शेवटीं त्याहूनहि सावकाश उतरावें. हें म्हातारपणीं जमत नाहीं अशी समजूत आहे, परंतु ती खरी नाहीं. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत ६५ वर्षांवरील ३०३ जणांवर एक प्रयोग झाला. त्याचा निकाल २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. हे लोक दीर्घकाळ बेंझोडायझेपिन घेत होते. त्यांपैकीं निम्म्यांना गोळीचे धोके आणि ती उतरविण्याचा क्रम सांगणारी एक साधी पुस्तिका देण्यांत आली, दुसरें कांहीं नाहीं. सहा महिन्यांत त्यांतील शेंकडा २७ जणांनीं गोळी पूर्णपणें सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत हें प्रमाण शेंकडा ५ होतें. नीट समजावून सांगितलें तर वृद्ध ऐकतात; पुष्कळदां त्यांना कोणी सांगितलेलेंच नसतें.

सल्ला मिळण्याचीं ठिकाणेंहि आतां पूर्वींइतकीं दूर राहिलेलीं नाहींत. डहाणू व कासा येथें उपजिल्हा रुग्णालयें आहेत, तलासरीस ग्रामीण रुग्णालय आहे. मनाच्या त्रासासंबंधीं विनामूल्य सल्ला देणारी टेली-मानस ही सरकारी दूरध्वनि-सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथें मराठींतहि बोलतां येतें.

शेवटीं एक गोष्ट घरांतील तरुण मंडळींनीं लक्षांत घ्यावी. वृद्ध माणूस "झोप येत नाहीं" असें म्हणतो तेव्हां तो नेहमींच औषध मागत असतो असें नाहीं. दिवसभर करावयास कांहीं नाहीं, बोलावयास कोणी नाहीं, आणि रात्रीं मनांत भीति आहे, एवढेंच त्याला पुष्कळदां सांगावयाचें असतें. अशा वेळीं गोळी दिल्यानें तक्रार थांबते, कारण तक्रार करणाराच गुंगींत जातो. दिवसां त्याला उन्हांत नेलें, एखादें काम सोंपविलें, रात्रींची वाट मोकळी करून दिली आणि पहाटे चारला उठण्याचा त्याचा हक्क मान्य केला, तर झोप किती तास झाली हा प्रश्न बहुतेक घरांत आपोआप मागें पडतो. हलकी झोप हा वयाचा धर्म आहे. ती घालविण्याचा हट्ट धरण्यापेक्षां, जाग आल्यावर माणूस आपल्या पायांवर सुखरूप उभा राहील एवढी काळजी घेणें हेंच अधिक शहाणपणाचें आहे.